उन्हाळी शिबिरातील वैद्यकीय सेवा : पालघर-बोईसर परिसराचा विचार

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी शुभारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी झाला, तो आपल्या पालघरातून. पालघर त्या वेळी ठाणे जिल्ह्यातील एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा होण्यास आणखी दीड वर्षाचा अवधी होता. या कार्यक्रमानुसार दोन डॉक्टर, एक परिचारिका व एक औषधनिर्माता असे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत व एकदा शाळेत जाऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते. योजना उत्तमच आहे. परंतु मे महिन्यात शाळा बंद होतात आणि हीच मुले धर्मग्रामांच्या सभागृहांत, शाळांच्या रिकाम्या वर्गांत, किनाऱ्यावरील वाड्यांत उन्हाळी शिबिरांसाठी एकत्र येतात. तेथे या पथकाची फेरी नसते. शंभर मुलांच्या प्रकृतीचा भार सेवाभावाने आलेल्या एखाद्या परिचारिकेवर किंवा सुट्टीत घरी आलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यावर पडतो.

या सेवेविषयी आपल्याकडे एक समज रूढ आहे. प्रथमोपचार पेटी घेऊन कोपऱ्यात बसायचे, खरचटलेल्या गुडघ्याला पट्टी बांधायची, पोटदुखीची गोळी द्यायची, आणि समारोपाच्या दिवशी आभाराचे पुष्प स्वीकारायचे. आमच्या मते शिबिरातील वैद्यकीय सेवेचा मोठा भाग शिबिर सुरू होण्यापूर्वीच पार पडलेला असावा लागतो; आणि तो पार पाडायचा तर परिचारिकेला आपल्या परिसराचे धोके नावानिशी ठाऊक हवेत.

निवासी शिबिरात मुले जमिनीवर सतरंजी अंथरून झोपतात. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्यांना चावते, आणि तिचा दंश बहुधा दुखत नाही. खूणही धड दिसत नाही. पहाटे मूल पोट दुखते म्हणून रडत उठते. संयोजक म्हणतात, ‘रात्री भेळ जास्त खाल्ली असेल.’ अशा वेळी पापण्या जडावल्या आहेत का, गिळताना किंवा बोलताना त्रास होतो का, हे पाहणारी व्यक्ती हवी. या खुणा दिसल्या तर पोटदुखीच्या गोळीची वाट पाहणे म्हणजे श्वसनाचे स्नायू लुळे पडेपर्यंत थांबणे. पट्टी आवळणे, जखम कापणे, भगताकडे नेणे या सर्व गोष्टींत वेळच जातो. उपाय एकच, प्रतिसर्पविष लस, आणि ती रुग्णालयात. म्हणून शिबिरापूर्वीच जवळच्या ग्रामीण रुग्णालयात लस शिल्लक आहे का, रात्री डॉक्टर उपस्थित असतात का, याची चौकशी करून ठेवावी. आणि मच्छरदाण्या! चारही बाजूंनी सतरंजीखाली खोचलेली मच्छरदाणी डासांबरोबर मण्यारीलाही अडवते.

लाल विंचवाबाबतही तेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील विंचूदंशाच्या रुग्णांवर अनेक वर्षे काम करून प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगासमोर मांडला; २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुलाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसली तर ती ‘नुसती आग’ नव्हे, हृदयावर ताण येत असल्याची सूचना आहे.

उन्हाचा विषय थोडा अधिक बोलण्याचा आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उघड्या मैदानात बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने दगावले. त्यानंतर शासनाला भर दुपारच्या उघड्यावरील कार्यक्रमांवर त्या उन्हाळ्यापुरती बंदी घालावी लागली. आपल्या किनारपट्टीवर तापमापकाचा आकडा विदर्भाइतका चढत नाही, त्यामुळे आपण निर्धास्त राहतो. वास्तविक दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. त्यातच डहाणू, तलासरी, विक्रमगडकडील आदिवासी मुलांपैकी काहींना सिकलसेलचा आजार असतो. पाणी कमी पडणे, अतिश्रम, थंड पाण्यात फार वेळ खेळणे यांमुळे त्यांना असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानातून सिकलसेलची तपासणी होत आहे. नावनोंदणीच्या अर्जावर मुलाचा आवडता खेळ विचारला जातो. त्याच्या शेजारी दमा, फेफरे, सिकलसेल व चालू औषधे यांचा रकाना घालण्यास किती शाई लागणार?

बोईसर-तारापूरचा प्रश्न वेगळा. तारापूर औद्योगिक वसाहतीत ११ जानेवारी २०२० रोजी झालेल्या स्फोटात ८ जणांचा मृत्यू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये एका औषधनिर्मिती कारखान्यातील वायुगळतीने ४ कामगारांचे प्राण घेतले. ही वसाहत समुद्र आणि बोईसर रेल्वेस्थानक यांच्या दरम्यान आहे, आणि मे महिन्यात दुपारचा वारा बहुधा समुद्राकडून येतो. अर्थात गळती झालीच तर तो वायू वस्तीच्या दिशेने सरकण्याची शक्यता अधिक. उग्र वास आला की मुलांना मैदानात गोळा करून हजेरी घेण्याची आपली सवय येथे उपयोगाची नाही. वायू अजून दूर असेल तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडावे. तो येऊन ठेपला असेल तर आत राहून दारेखिडक्या बंद कराव्यात. दम्याच्या मुलांचे पंप त्यांच्या पिशव्यांच्या तळाशी न राहता परिचारिकेच्या हाताशी असावेत.

रुग्णालयापर्यंत पोहोचण्याचे काय? १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून मोफत मिळते व तिच्यात डॉक्टर असतो, ही मोठी सोय आहे. परंतु आपल्या जिल्ह्यातील गंभीर रुग्ण आजवर सिल्वासा, वलसाड किंवा मुंबईकडे पाठवले गेले आहेत. ३१ जुलै २०२५ रोजी या भागातून मुंबईकडे निघालेल्या एका जखमी महिलेचा महामार्गावरील कोंडीत अडकून अंत झाला. तेव्हा शिबिराच्या जागी रात्रभर एक गाडी व जागा असलेला चालक हवाच. केळवे, शिरगावच्या किनाऱ्यावर मुलांना नेण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ पाहणे, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

या सर्वांहून महत्त्वाचा मुद्दा अधिकाराचा आहे. दुपारी दोन वाजता कबड्डीचा अंतिम सामना ठरला आहे, पाहुणे आले आहेत, आणि परिचारिका म्हणते, ‘आता नको.’ तिचे कोण ऐकणार? तिला सामना थांबवता येत नसेल तर तिची नियुक्ती केवळ शोभेची ठरते. त्याचप्रमाणे, एखाद्या मुलाने तपासणीच्या वेळी त्याच्यावर झालेल्या अत्याचाराविषयी काही सांगितले, तर ती गोष्ट आयोजकांच्या बैठकीत झाकून ठेवण्याचा पर्याय कोणालाही नाही. २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याने पोलिसांकडे माहिती देणे प्रत्येकावर बंधनकारक केले आहे.

आपल्या धर्मग्रामांत परिचारिकांची वाण नाही. वसईपासून डहाणूपर्यंत किती घरांतील लेकी-सुना मुंबईच्या रुग्णालयांत रात्रपाळ्या करतात! त्यांना मे महिन्यातील रजा एप्रिलमध्ये मागून मिळत नाही. धर्मग्राम परिषदांनी नावे जानेवारीतच ठरवावीत, दोघी-दोघींची पाळी लावावी, प्रवासखर्च द्यावा, आणि शिबिराच्या नियमावलीत एक ओळ लिहावी : वैद्यकीय कारणास्तव कोणताही कार्यक्रम थांबवण्याचा निर्णय परिचारिकेचा राहील.