शिक्का न पडलेले तिकीट

मुंबईहून किंवा अलिबागहून इस्राएलला पत्र येते, तेव्हा कधी कधी त्यावरचे तिकीट अगदी कोरे असते. शिक्का पडलेला नसतो, किंवा पडलेला असतो तो पाकिटाच्या कडेला. असे तिकीट पाण्यात भिजवून अलगद सोडवायचे, वाळवायचे आणि कोणी भारतात निघाले की त्याच्या हाती द्यायचे, ही काही घरांतली जुनी सवय आहे. "तिकडे पत्र टाकताना लाव, फुकट कशाला घालवायचे?" असे वर सांगितलेही जाते. इस्राएलमधल्या पत्रावरचे तिकीट तर इथेच दुसऱ्या पाकिटावर चढते.

ही सवय काटकसरीतून आली आहे. ज्या पिढीने नव्या देशात पै-पै जोडून संसार उभा केला, तिने कागद, दोरा, पिशवी काहीच टाकले नाही. त्या पिढीला लबाड म्हणणे अन्यायाचे होईल. पण काटकसर स्वतःच्या वस्तूची करायची असते. पत्र पोचल्यावर तिकिटाचा कागद घरातल्यांचा असतो, त्याची किंमत मात्र पोस्टाने काम करून मिळवलेली असते.

यावर नेहमीचे उत्तर असे की शिक्का मारायला पोस्ट विसरले, ती त्यांची चूक. इथे थोडा इतिहास पाहावा. ब्रिटनमध्ये 1840 साली 'पेनी ब्लॅक' हे जगातले पहिले चिकटवायचे तिकीट निघाले. त्या काळ्या तिकिटावर लाल शिक्का मारत. तो लाल रंग पुसून तिकीट पुन्हा वापरता येई, म्हणून 1841 साली तिकीट लाल केले आणि शिक्का काळा. म्हणजे शिक्का हा केवळ पहारा आहे. पहारेकऱ्याला डुलकी लागली म्हणून घरातली वस्तू कोणाची होत नाही. कंडक्टरने तिकीट पंच केले नाही, तरी त्याच तिकिटावर उद्याचा प्रवास होत नाही.

भारतात वापरलेले सरकारी तिकीट जाणूनबुजून पुन्हा वापरणे कायद्याने गुन्हा आहे. राहत्या राज्याचा व्यवहाराचा कायदा यहुद्यांनाही बंधनकारक आहे, हे तल्मूदमधल्या शमुएल या आचार्यांचे मत प्रसिद्ध आहे. 'हाफेत्झ हाईम' या नावाने ओळखले जाणारे रब्बी इस्राएल मेईर कागान यांच्याविषयी तर असे सांगतात, की त्यांचे पत्र कोणी हाती नेऊन दिले, तर ते तेवढ्या किमतीचे तिकीट फाडून टाकत. पोस्टाने काम केलेले नसतानाही त्याचे उत्पन्न बुडू नये, एवढी त्यांची काळजी. मग काम करून घेतल्यावर पैसे चुकवणे कसे शोभेल?

बेने इस्राएलांना ही गोष्ट परकी वाटू नये. कोकणात त्यांचे पूर्वज शनवार तेली म्हणून ओळखले जात. घाण्याचे तेल मापून देणाऱ्याची पत मापावरच टिकते. तोरा खरे वजन आणि खरे माप ठेवायला सांगते. गिऱ्हाईक पाहत नसतानाही माप भरलेले असावे, हाच त्याचा अर्थ. रक्कम चार-पाच रुपयांची असली तरी तिकीट सोडवताना शेजारी नातवंडे बसलेली असतात. मराठीचे धडे ती वर्गात शिकतील, हा धडा मात्र ती घरातच शिकतात.

मग कोऱ्या तिकिटाचे काय करावे? ते पाकिटावरच राहू द्यावे. भारताने 1968 साली कोचीनच्या सिनेगॉगवर तिकीट काढले. 2012 साली भारत आणि इस्राएल यांनी मिळून दिवाळी आणि हनुक्का यांची तिकिटे काढली. अशी तिकिटे पत्त्यासकट जपली, तर आजीच्या हातचे मराठी अक्षरही जपले जाते. तरुणांनी घरातली जुनी पाकिटे मागून वर्गात आणावीत आणि वडीलधाऱ्यांनी त्यांना ती वाचून दाखवावीत. नव्या पत्रासाठी मात्र नवे तिकीट विकत घ्यावे.