न वटलेल्या चेकचा आकार

महिनाअखेर बँकेचें पुस्तक तपासतांना घरोघर एका नोंदीवर कपाळास आठ्या पडतात. ती नोंद म्हणजे न वटलेल्या चेकबद्दल कापून घेतलेला आकार. कित्येक बँकांत तो कांहीं शें रुपयांच्या घरांत असतो आणि त्यावर १८ टक्के वस्तु व सेवा कर निराळा. ‘खात्यांत पैसे नाहींत म्हणून तर चेक परत आला, मग असलेल्या चार पैशांतूनहि हा भुर्दंड कां?’ हा प्रश्न सहजच मनांत येतो. त्याचा शांतपणें विचार करावा असें आम्हांस वाटतें.

चेक म्हणजे पैसे नव्हेत. ‘आमच्या खात्यांतून अमक्यास इतके रुपये द्यावेत’ अशी आपण आपल्या बँकेस लिहिलेली ती आज्ञा होय. ज्यास तो मिळाला तो आपल्या बँकेंत भरतो. ती बँक त्याचें छायाचित्र काढून क्लिअरिंगमार्फत चेक देणाऱ्याच्या बँकेकडे पाठविते. तेथें तारीख, अक्षरी व आंकडी रक्कम, सही आणि शिल्लक यांची तपासणी होते. शिल्लक अपुरी असल्यास चेक कारणासह परत फिरतो, जमेच्या नोंदी उलटाव्या लागतात, आणि परतीचा मेमो द्यावा लागतो. या श्रमांचा मोबदला हा आकाराचा पहिला भाग.

परंतु एवढ्यानें समाधान होत नाहीं. वटणाऱ्या चेकलाहि पुष्कळसे तेच श्रम पडतात, आणि त्याबद्दल सामान्य गृहस्थाकडून बँक सहसा वेगळें कांहीं घेत नाहीं. शिवाय अनेक बँकांच्या दरपत्रकांत असें आढळतें कीं, चेक पुन्हा परत आल्यास दर वाढतो. आणि सही न जुळल्यास जो आकार पडतो, त्याहून शिल्लक नसल्याचा आकार मोठा असतो. श्रम तर दोन्ही वेळीं सारखेच! तेव्हां हा आकार अंशतः मजुरी आणि मुख्यतः दंड होय, हें स्पष्टपणें म्हटलेलें बरें.

दंड हा शब्द कठोर वाटला तरी त्यामागील कारण खोटें नाहीं. सावकारी पेढ्यांवर हुंड्या चालत तेव्हांहि ही अडचण होतीच. हुंडी न पटल्यास ती धारण करणाऱ्यास रूढीप्रमाणें भरपाई मागतां येई, आणि उत्तरेकडील सराफांत तिला ‘नकराई-सिकराई’ असें नांव होतें. त्याखेरीज, हुंडी परत आली कीं बाजारांत त्या पेढीविषयीं कुजबूज होई ती वेगळीच. आज चेक परत येतो तो निःशब्दपणें. शेजाऱ्यास त्याचा पत्ताहि लागत नाहीं. त्या कुजबुजीची जागा कांहीं अंशीं या आकारानें घेतली आहे. न वटणारे चेक कोणीहि बिनधास्त देऊं लागला, तर उद्यां प्रामाणिक मनुष्याचा चेकहि दुकानदार घेणार नाहीं. म्हणूनच सरकारनेंहि १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टांत १९८८ च्या दुरुस्तीनें कलम १३८ घातलें, आणि ता. १ एप्रिल १९८९ पासून देणें फेडण्यासाठीं दिलेला चेक शिल्लकेअभावीं परत येणें, आणि नोटिशीनंतरहि पैसे न देणें, हा गुन्हा ठरला. २००२ च्या दुरुस्तीनंतर त्यास दोन वर्षांपर्यंत कैद, अथवा चेकच्या दुपटीपर्यंत द्रव्यदंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

येथवर बँकेची बाजू आम्हांस मान्य आहे. परंतु दंड म्हटला कीं तो अपराध्यासच व्हावयास हवा. हुंडीच्या रूढींत भरपाई ज्याचें नुकसान झालें त्यास मिळे. आज आकार बँकेकडे जातो, आणि पुष्कळ बँका चेक भरणाऱ्याकडूनहि थोडाबहुत आकार घेतात! भाड्यावर चरितार्थ चालविणाऱ्या वृद्ध घरमालकिणीनें भाडेकऱ्याचा चेक भरला व तो परत आला, तर त्यांत त्या बाईंचा दोष कोणता? ग्राहकाचा दोष असेल तेव्हांच परतीचा आकार घ्यावा, असा रिझर्व्ह बँकेचाहि नियम आहे. त्याचा आशय ध्यानीं घेतां चेक भरणाऱ्यावर आकार बसविणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

अशा प्रसंगीं हताश होऊन बसूं नये. त्याच कायद्याच्या कलम ११७ प्रमाणें चेक धारण करणाऱ्यास मूळ रकमेबरोबर योग्य तो खर्चहि देणाऱ्याकडून मागतां येतो. परत आल्याचें बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आंत लेखी नोटीस द्यावी. तींत चेकची रक्कम वेगळी व खर्च वेगळा लिहावा. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे न आल्यास पुढील एका महिन्यांत फिर्याद करतां येते. उलट, पुरेशी शिल्लक असतांना बँकेनेंच चुकून चेक परत केला, तर कलम ३१ अन्वयें नुकसानभरपाईची जबाबदारी बँकेवर येते, हेंहि लक्षांत असूं द्यावें.

एकत्र कुटुंबांत याहून निराळा एक धोका असतो. खातें एक आणि खर्चाचे हात चार! वडील विम्याचा चेक देतात, काका दुरुस्तीचा, आणि कर्जाचा हप्ता त्याच खात्यांतून परस्पर कापला जातो. शिल्लक नसल्यामुळें असा हप्ता परत गेला तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अ‍ॅक्टाच्या कलम २५ खालीं तोहि गुन्हा होऊं शकतो. यास्तव चेकबुकाच्या स्थळप्रतीवर तारीख, नांव व उरलेली शिल्लक लिहिण्याची शिस्त घरांतील सर्वांनीं पाळावी. आणि वडीलधाऱ्यांचा हात थरथरूं लागला असल्यास बँकेंत नव्या सहीचा नमुना देऊन ठेवावा. ‘आज चेक देऊं, परवां पैसे भरूं’ ही जुनी संवय तर आतां सोडलीच पाहिजे. ता. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सतत पुढें पाठविले जातात, आणि सकाळीं भरलेल्या चेकचा निकाल बहुधा त्याच दिवशीं लागतो. पैसे आधीं आणि सही मागाहून, एवढा क्रम घरांत पाळला गेला, तर या आकाराचा प्रश्न आपल्यापुरता तरी उरणार नाहीं.