उन्हाळी, टेन्शन आणि तीन दिवसांची वही

आमच्या घरात लघवीच्या जळजळीला एकच नाव होतं, उन्हाळी. उन्हाळी लागली की आई रात्री धने-जिरे पाण्यात भिजत घालायची, सकाळी गाळून खडीसाखर घालून द्यायची, आणि दोन दिवसांत त्रास मिटायचा, निदान मिटला असं आम्ही म्हणायचो. दोष उन्हाचा होता, माणसाचा नव्हता. पुढे मी शाळेत शिकवू लागले, चाळिशी उलटली, आणि ऐन थंडीत ओटीपोटात सारखी चुळबूळ, दर पाऊण तासाला धाव, गेल्यावर जेमतेम चार थेंब, असं सुरू झालं. "मॅडम, टेन्शन फार घेता तुम्ही," असं एका दवाखान्यात सांगण्यात आलं, तेही लघवी तपासायच्या आधी. दुसऱ्या दवाखान्यात टेन्शनचा विषय निघालाच नाही. पाच दिवसांच्या गोळ्या लिहून मिळाल्या, याही वेळी लघवी न तपासता. वर्षभरात असे तीन कोर्स झाले.

या दोन दवाखान्यांचं मला इथे भांडण लावून द्यायचं आहे. खरं तर दोघेही एकाच पक्षाचे. त्रास एकतर मनाचा असतो नाहीतर शरीराचा, हे दोघांनी मी खुर्चीत बसायच्या आधीच ठरवून टाकलेलं होतं.

टेन्शनवाल्यांचं म्हणणं आधी त्यांच्या बाजूने मांडते, कारण ते वेडगळ नाही. परीक्षेच्या हॉलबाहेर, मुलाखतीच्या बाकावर, तिसरी घंटा होताना विंगेत उभं राहिलं की लागते, हे कोण नाकारेल? आत्ताच जाऊन आलेल्या माणसालाही लागते. पुन्हा अशा पुष्कळ जणांना एकदा झोप लागली की सकाळपर्यंत उठावं लागत नाही. जंतुसंसर्ग किंवा खडा असेल तर तो सहसा रात्रीही सोडत नाही. ही खूण उपयोगाची आहे, मात्र तिला पुरावा म्हणता येणार नाही. इथवर मी त्यांच्यासोबत आहे. पुढे मात्र ते उड्या मारतात. मनात आहे, म्हणजे मूत्राशयात काही नाही. म्हणजे तपासायचं काही नाही. म्हणजे तुम्हीच सोडून द्यायला शिका. हे तिन्ही 'म्हणजे' पोकळ आहेत.

पहिलाच घ्या. १९२५ मध्ये फ्रेडरिक बॅरिंग्टन या इंग्रज संशोधकाने मांजरांवरच्या प्रयोगांतून मेंदूच्या देठातली लघवीची कळ शोधली. मूत्राशयाने कधी आवळायचं आणि तोंड कधी मोकळं करायचं, याचा हुकूम तिथून सुटतो. पुढे कळलं, की तिथल्या पेशींमध्ये जो रासायनिक निरोप्या भरलेला असतो, तोच मेंदूत दुसरीकडे ताणाच्या संप्रेरकांची साखळी सुरू करतो. म्हणजे भीतीची आणि लघवीची वायरिंग एकमेकींत गुंतलेलीच आहे. पाण्याने भरलेल्या टबात मधोमध छोटा ओटा ठेवून उंदराला त्यावर रोज तासभर, असं दहा दिवस बसवतात. त्याला कुणी इजा करत नाही, तरी तो वारंवार लघवी करू लागतो. उंदराला दहावीचा निकाल लावायचा नसतो आणि 'मनाचे खेळ' करण्याची त्याची ख्यातीही नाही.

मांजरांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. घरात कोंडलेल्या काही मांजरांना एक दुखणं होतं. कुंथतात, सारखी मातीत जाऊन बसतात, लघवीतून रक्त जातं. तपासलं तर जंतू नाही, खडा नाही. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांनी अशा मांजरांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. २००६ मध्ये त्यांच्या गटाने अशा ४६ पाळीव मांजरांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. उपचार काय, तर घर बदललं. लपायला जागा, चढायला फळी, स्वच्छ माती, मालकाचा खेळायला थोडा वेळ, घरातल्या दुसऱ्या मांजराशी झटापट कमी. दहा महिने पाठपुरावा केला, आणि त्रास लक्षणीय कमी झाला. आता हे दुखणं मनाचं म्हणायचं की शरीराचं? रक्त खरं होतं, सुजलेलं मूत्राशय खरं होतं, आणि इलाज फळीचा होता. मांजराला कुणी 'टेन्शन घेऊ नकोस' असं सांगितलं नाही. टेन्शन जिथून येत होतं ती जागा बदलली. मला तो फरक फार मोठा वाटतो, आणि 'तुम्हीच सोडून द्यायला शिका' हा तिसरा 'म्हणजे' तिथेच पडतो.

'तपासायचं काही नाही' हा दुसरा 'म्हणजे' माणसाला महागात पडतो. सारखी लघवी लागण्यामागे मधुमेह असू शकतो, खडा असू शकतो, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटून कोरडी पडलेली त्वचा असू शकते, पुरुषात प्रोस्टेट असू शकतं, आणि साधी बद्धकोष्ठताही असू शकते, कारण भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबून बसतं. आपल्या देशात आणखी एक नाव घ्यायलाच हवं, मूत्रमार्गाचा क्षय. लघवीत पस सेल्स, म्हणजे पुवाच्या पेशी, दिसत राहतात, नेहमीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, काही उगवत नाही, कारण क्षयाचा जंतू त्या माध्यमात उगवतच नाही. दरम्यान मूत्राशय आक्रसत जातं. पस सेल्स आहेत आणि कल्चर कोरडं आहे, अशा माणसाला 'टेन्शन' म्हणून घरी पाठवणं हा माझ्या मते गुन्हा आहे. (आणि हे लेबल कुणाला मिळतं तेही पाहा. साठीच्या काकांनी हीच तक्रार केली तर प्रोस्टेटची सोनोग्राफी होते. काकूंना योगवर्गाचा पत्ता मिळतो.)

आता दुसरा दवाखाना. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, पुरुषाचा त्याच्या चार-पाच पट, म्हणून बायकांना संसर्ग जास्त; निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी तो होतो. तेव्हा 'जळजळ म्हणजे इन्फेक्शन' हा अंदाज पुष्कळदा बरोबर निघतो, आणि म्हणूनच तो आळशी होतो. पहिल्यांदाच ठसठशीत त्रास झाला तर कल्चरशिवाय गोळ्या देणं समजण्यासारखं आहे. तिसऱ्यांदाही तेच? गोळ्या घेताना बरं वाटतं, मग आठवड्याने पुन्हा सुरू, म्हणजे जंतू चिवट आहे असं म्हणून आणखी कडक गोळी. जंतू नव्हताच असं कुणाच्या मनात येत नाही. त्या पाच दिवसांत आपण पाणी नेमाने पितो, चहा कमी करतो, थोडी विश्रांती घेतो, याचं श्रेय गोळीला जातं. आणि उलटही होतं. काही त्रास नसताना लघवीत जंतू सापडतात, विशेषतः म्हातारपणी. गरोदरपण किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया असे अपवाद सोडले तर त्यांना प्रतिजैविकांनी मारायचं कारण नसतं. निरोगी मूत्राशय अगदी निर्जंतुक असतं, हा जुना समजही गेल्या दहा-पंधरा वर्षांत मोडीत निघाला आहे. मग विनाकारण घेतलेल्या प्रत्येक कोर्सने होतं काय? उरलेले जंतू औषधाला सरावतात, आणि खरा संसर्ग होतो त्या दिवशी गोळी चालत नाही.

तिसरा सल्ला घरातला आहे, आणि मला तो सगळ्यांत आवडतो: "भरपूर पाणी पी." पिवळीजर्द लघवी मूत्राशयाला झोंबते, हे खरं. पण दिवसाला चार लिटर पिऊन 'मला सारखं जावं लागतं' म्हणून रडणारी मंडळी मी पाहिली आहेत. तो रोग नाही, गणित आहे. दुसऱ्या टोकाला आमच्यासारख्या. शाळेत स्वच्छतागृहाला कुलूप, एसटी स्टँडवर पाय ठेवायला जागा नाही, लोकलच्या डब्यात सोयच नाही, म्हणून सकाळी सातपासून एक थेंब न पिणाऱ्या शिक्षिका, वाहक, पोलीस, भाजीवाल्या. मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी' मोहीम उभी राहिली ती काही गंमत म्हणून नव्हे. या बायकांचा ताण मनात आहे, घट्ट झालेली लघवी शरीरात आहे, आणि दोन्हीचं मूळ त्या बंद दारात आहे.

मग करायचं काय? क्रम लावायचा. आधी शरीर, पण मोजकं. मधल्या धारेचा नमुना देऊन लघवीची साधी तपासणी आणि कल्चर, रक्तातली साखर, आणि लघवी करून आल्यावर आत किती उरते ते दाखवणारी सोनोग्राफी. 'इतक्या तपासण्यांनी माणूस जास्त घाबरतो' असा आक्षेप मी ऐकला आहे. माझा अनुभव उलटा आहे. माणूस न तपासल्याने घाबरतो. लघवीत रक्त दिसलं, थंडी वाजून ताप आला, बरगडीखाली दुखू लागलं, लघवी तुंबली, किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, तर क्रमही विसरायचा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

तपासणीत काही निघालं नाही, तर 'काहीच नाही' असं म्हणायचं नाही. मूत्राशयाला वाईट सवय लागली आहे, असं म्हणायचं. सवय ही शरीरातच असते. तीन दिवस वही ठेवायची: किती वाजता काय प्यालो, किती वाजता गेलो, मापाच्या मगात किती मिलिलिटर. मोठ्या माणसाच्या मूत्राशयाला १५० ते २०० मिलिलिटरवर पहिली जाणीव होते, आणि ४०० पर्यंत ते निवांत धरतं. माझ्या वहीत सत्तर, ऐंशी, साठ. म्हणजे मी खोट्या गजराला दार उघडत होते. मग दर आठवड्याला दोन खेपांमधलं अंतर पंधरा मिनिटांनी वाढवायचं. लाट आली की धावायचं नाही. जागच्या जागी उभं राहून, लघवी तोडताना जे स्नायू आवळतो ते चार-पाचदा झटपट आवळायचे. त्या आवळण्याने मूत्राशयाचा स्नायू सैल पडतो. लाट उतरली की चालत जायचं. दीड-दोन महिने तरी लागतात.

इथे आयुर्वेद मानणारे म्हणतील, वेग, म्हणजे शरीराची हाक, अडवू नये हे तर चरकसंहितेत आहे. आहे, सूत्रस्थानाचा सातवा अध्यायच त्या नावाचा आहे आणि न अडवायच्या वेगांच्या यादीत लघवी आहे. पण त्याच अध्यायात अडवण्याच्या वेगांचीही यादी आहे, आणि तिच्यात भय आहे. साठ मिलिलिटरची घाई कोणत्या यादीत घालायची, ते त्यांनीच ठरवावं.

एक गोष्ट मात्र मीच माझ्या विरुद्ध सांगते. ज्यांना मूत्राशय भरताना दुखतं आणि रिकामं झाल्यावर आराम पडतो, त्यांना धरून ठेवण्याचा हा सराव आणि आवळण्याचे व्यायाम बाधू शकतात. त्यांचे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बहुधा आधीच ताठलेले असतात. त्यांना सैल सोडायला शिकवणारा फिजिओथेरपिस्ट लागतो. तेव्हा माझी वही म्हणजेही सगळ्यांचं धने-जिऱ्याचं पाणी नव्हे.

माझं कल्चर कोरडं निघालं, साखर ठीक, आत काही उरत नव्हतं. वहीत दोन गोष्टी निघाल्या. दिवसाला सहा कप चहा, आणि संध्याकाळी सहा वाजता घराच्या दारात, कुलपाला किल्ली लावताना, रोज न चुकता सर्वांत मोठी लाट. आता चहा दोन कपांवर आणला आहे. आणि दारापाशी आले की किल्ली लगेच काढत नाही. उभी राहते, पाचदा आवळते, मनात आकडे मोजते. बावीस-तेवीसच्या सुमारास लाट उतरते. समोरच्या वहिनी दार किलकिलं करून विचारतात, "किल्ली विसरलात का हो आजही?"