अडगळीतील इतिहास

ईश्वराचे नाव ज्यावर लिहिले आहे असा कागद फाडू नये, जाळू नये, असा ज्यू समाजाचा जुना दंडक आहे. असे जीर्ण कागद प्रार्थनामंदिरातील एका कोठडीत ठेवावयाचे आणि यथावकाश पुरावयाचे, ही रूढी. या कोठडीला ‘गेनिझा’ म्हणतात. जुन्या कैरोतील बेन एझ्रा प्रार्थनामंदिरात मात्र पुरण्याचे काम बहुधा राहूनच गेले. शतकानुशतके कागद साठत गेले आणि इजिप्तच्या कोरड्या हवेने ते राखले.

१८९६ साली अ‍ॅग्नेस लुइस व मार्गारेट गिब्सन या जुळ्या भगिनींनी पूर्वेकडून आणलेली काही पाने केंब्रिजचे अध्यापक सॉलोमन शेख्टर यांना दाखविली. त्यांतील एक पान बेन सिराच्या ग्रंथाच्या हिब्रू पाठाचे निघाले. हा मूळ पाठ लुप्त झाला, असे तोवर मानले जात होते. शेख्टर कैरोस गेले, कित्येक आठवडे त्या कोठडीच्या धुळीत बसले आणि सुमारे १ लाख ९३ हजार तुकडे केंब्रिजला घेऊन आले. १८९८ साली हा संग्रह विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन झाला.

धर्मग्रंथांच्या पानांइतकीच, किंबहुना अधिक, मोलाची ठरली ती त्यांतील सामान्य कागदपत्रे: व्यापाऱ्यांचे हिशेब, विवाहाचे करार, पोरांच्या अक्षरओळखीची पाने. थोर तत्त्वज्ञ मायमोनिडीस यांना त्यांच्या भावाने लाल समुद्रावरील बंदरातून लिहिलेले पत्र तेथे आहे. हा भाऊ पुढे हिंदी महासागरात बुडाला. बाराव्या शतकात मंगळुरास सुमारे सतरा वर्षे राहून पितळी भांड्यांचा कारखाना चालविणाऱ्या अब्राहम बेन यिजू या व्यापाऱ्याची पत्रेही तेथे आहेत. एडनचे स्नेही त्याला इतर जिनसांबरोबर कोरा कागद पाठवीत असत. आपल्या किनाऱ्यावरील व्यापाराची ही हकीकत आपल्या नव्हे, कैरोच्या अडगळीने राखली!

तथापि कागद राखला म्हणजे इतिहास हाती आला, असे नव्हे. या संग्रहाचा मोठा भाग केंब्रिजमध्येही अर्धशतकाहून अधिक काळ निरुपयोगी समजून पेट्यांत पडून होता. १९५० नंतर त्याकडे पुन्हा लक्ष गेले. श्लोमो गोइटाइन यांनी या कागदांवरून भूमध्य समुद्राकाठच्या समाजजीवनाचे पाच खंड १९६७ ते १९८८ या काळात सिद्ध केले. १९७४ साली ग्रंथालयाने संशोधनाचा स्वतंत्र विभाग उघडला. तुकडे स्वच्छ करणे, त्यांना क्रमांक देणे, सूची करणे हे काम वर्षानुवर्षे चालले. आज त्यांची छायाचित्रे कोणाही जिज्ञासूस घरबसल्या पाहता येतात. एक ठेव आपल्या मूळ भूमीपासून दूर गेली, हे शल्य कोणी बोलून दाखविले तर ते खोटे नव्हे. परंतु ती खुली झाली, हेही तितकेच खरे.

आपल्याकडे काय घडते? जीर्ण पोथी नदीत विसर्जित करण्याची आपली रूढीही श्रद्धेतूनच आली. श्रद्धा तीच, पण तेथे कोठडीने कागद राखले, येथे पाण्याने नेले. ज्या १८९८ साली केंब्रिजला हा संग्रह मिळाला, त्याच साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. दारोदार हिंडून त्यांनी जे वाचविले ते वाचले. जे माळ्यावर राहिले, त्याला वाळवी लागली. मोडी कागदांचे रुमाल आजही पुष्कळ आहेत, वाचणारे थोडे. कोकणातील बेने इस्राएल समाजासाठी १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या सणाचा पाठ मराठी भाषांतरासह सचित्र छापला गेला. हे आपल्याच भाषेचे धन आहे, याची जाणीव किती जणांस आहे?

म्हणून मागणे साधे आहे. विद्यापीठांनी आपल्या संग्रहांच्या सूच्या पुऱ्या कराव्यात आणि त्या सर्वांस खुल्या ठेवाव्यात. इतिहासाच्या विद्यार्थ्यास मोडी आलीच पाहिजे, असा नियम असावा. शिक्षकांनी गावातील जुन्या दप्तरांची चौकशी विद्यार्थ्यांकरवी करावी. आणि रद्दीवाल्यास हाक मारण्यापूर्वी प्रत्येक गृहस्थाने आजोबांची वही एकदा उघडून पाहावी. आज हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाला आपण इतिहास लिहीत आहोत असे वाटत नाही. कैरोच्या त्या व्यापाऱ्यांनाही तसे कधी वाटले नव्हते.