चार महिने उभी राहिलेली डिझेल गाडी

आषाढी चौदसेला चातुर्मास बसतो आणि अनेक श्रावक कुटुंबांच्या मोटारीचे फिरणे आटोपते. कोणी गावाची वेस न ओलांडण्याचा नियम घेतो, कोणी पर्युषणापुरते वाहन वर्ज्य करतो. दुकानापर्यंत जाण्यास दुचाकी किंवा पाय पुरतात. पुढे दिवाळी होते, चोपडापूजन होते, कार्तिकी पौर्णिमेला शत्रुंजयाची यात्रा पुन्हा खुली होते. पालिताण्याला किंवा कुंभोजगिरीला निघायचे म्हणून भल्या पहाटे किल्ली फिरवली जाते आणि गाडी सुरू होत नाही. अशा वेळी घरातील प्रत्येकाचे एक मत असते, शेजाऱ्यांची दोन असतात आणि गॅरेजवाल्याचे मत बहुधा सर्वांत महाग ठरते.

ते मत ऐकण्यापूर्वी बॉनेट उघडावे. चार महिने न हललेल्या इंजिनाच्या कोपऱ्यात उंदराने घर केलेले असते, क्वचित हवेच्या फिल्टरच्या डब्यात कापूस आणि चिंध्यांचा बिछाना सापडतो, गाडीखाली मांजर व्यालेली असते. पट्टा व पंखा फिरू लागल्यावर आतल्या जीवाला सुटण्यास वाट उरत नाही. म्हणून येथे जयणा आधी, किल्ली नंतर. या पाहणीचा व्यावहारिक लाभही आहे. उंदराने कुरतडलेली एक बारीक तार हेच कधीकधी गाडी सुरू न होण्याचे संपूर्ण कारण असते आणि ते डोळ्यांना दिसते.

पुढचा विचार करण्यासाठी डिझेल इंजिनाचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९२ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वीपणे चालून दाखवले गेले. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते. डिझेलच्या इंजिनात ती नसते. तेथे केवळ हवा कोंडून दाबली जाते. मारुती, टाटा आणि फियाट या तिन्ही कंपन्यांच्या गाड्यांत बसवले गेलेले, पुण्याजवळच्या रांजणगावातही तयार झालेले १२४८ सीसीचे इंजिन आजही अनेक व्यापारी घरांत सेवा देत आहे. त्यात हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सतराव्या-अठराव्या हिश्श्यात दाबली जाते. या दाबाने तिचे तापमान पाचशे अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचते आणि त्यात सोडलेले डिझेल स्वतःहून पेट घेते. म्हणजे या इंजिनाला दोनच गोष्टी लागतात: पुरेशी तापलेली हवा आणि योग्य क्षणी, योग्य दाबाने आलेले, हवेचे बुडबुडे नसलेले इंधन. सारी तपासणी या दोन प्रश्नांभोवतीच फिरते.

पहिल्या प्रश्नात सर्वाधिक फसगत होते. ‘सेल्फ फिरतो आहे, तेव्हा बॅटरी ठीक आहे’ असे मानले जाते. पेट्रोलच्या बाबतीत हे कदाचित चालून जाते, डिझेलच्या बाबतीत नाही. इंजिन मंद फिरले तर दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींत मुरते, काही हवा रिंगांच्या फटींतून निसटते आणि पेट घेण्याइतके तापमान साधतच नाही. नव्या कॉमन रेल गाड्यांत आणखी एक अडचण असते. व्होल्टेज फार घसरले की गाडीचा संगणकच मान टाकतो आणि इंजेक्टरांना उघडण्याचा हुकूम जात नाही. म्हणून सेल्फचा आवाज रोजच्यापेक्षा जड, ओढल्यासारखा येत असेल तर इंधनाकडे वळूच नये. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या जवळपास असेल तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी भार पेलत नाही, मग तिच्यावरची हमीची चिठ्ठी काहीही सांगो. बॅटरी भरलेली असूनही सेल्फ मंद असेल, तर टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर आणि इंजिनाला जोडणारी अर्थिंगची पट्टी पाहावी. पावसाळ्यात ती हमखास गंजते. जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावून पुन्हा सेल्फ मारावा. आता तो जोमाने फिरला, तर दोष त्या पट्टीचा आहे.

सेल्फ मुळीच फिरत नाही, नुसता ‘टक्’ असा आवाज येतो किंवा तोही येत नाही, तेव्हा बॅटरीनंतर फ्यूज, रिले आणि सेल्फचा सोलेनॉइड पाहावा. डॅशबोर्डवर किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकत असेल तर चोरीरोधक यंत्रणेला किल्ली ओळखू येत नाही; दुसरी किल्ली लावून पाहावी.

सेल्फ चांगला फिरतो, तरी इंजिन पेट घेत नाही, येथे दुसरा प्रश्न सुरू होतो. घरातील एकाने मागे उभे राहून धुराड्याकडे पाहावे. सेल्फ फिरत असता पांढरट, डिझेलचा उग्र वास असलेला धूर येत असेल तर इंधन पोहोचते आहे, पण पेटत नाही. काहीच धूर नसेल, तर इंधन सिलिंडरपर्यंत येतच नाही. एवढ्या निरीक्षणाने निम्मी कारणे बाद होतात आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

दीर्घकाळ उभ्या गाडीत धूर नसण्याची दोन कारणे वारंवार आढळतात: हवा आणि पाणी. एखाद्या जोडणीतून किंवा फिल्टरच्या रबरी कड्यातून सुईच्या टोकाएवढी फट राहिली, तर गाडी चालती असताना ती जाणवत नाही. गाडी उभी राहिली की त्या फटीतून हवा आत शिरते आणि नळीतले डिझेल हळूहळू टाकीत परतते. मिस्त्री मंडळी याला ‘गाडीने एअर घेतली’ म्हणतात. हवा दाबली जाते, पण डिझेलसारखा दाब पुढे देत नाही. पंप फिरत राहतो आणि रेलमध्ये इंजेक्टर उघडण्याइतका दाब जमत नाही. ज्या गाडीला हाताचा प्रायमर पंप आहे, तो कडक होईपर्यंत दाबावा. टाकीत विजेचा पंप असेल तर किल्ली चालूच्या खुणेवर नेऊन काही सेकंद थांबावे आणि असे तीन-चार वेळा केल्यावरच सेल्फ मारावा.

पाण्याचे स्वरूप वेगळे आहे. टाकी अर्धी रिकामी असेल तर उरलेल्या जागेतील दमट हवेचे पाणी होऊन तळाशी बसते. डिझेल आणि पाणी एकमेकांना टेकतात त्या सीमेवर बुरशी व जिवाणू वाढतात आणि त्यांचा चिकट साका फिल्टर बुजवतो. पावसाळ्यातील जीवोत्पत्तीविषयी जागरूक असणाऱ्या घरांनी टाकीच्या तळाशीही ती होते, हे ध्यानात ठेवावे. अनेक फिल्टरांच्या बुडाशी पाणी सोडण्याचा स्क्रू असतो. तेथील द्रव काचेच्या बाटलीत घेऊन थोडा वेळ स्थिर ठेवावा. पाणी जड असल्याने खाली बसते. ते गटारात वा मातीत न ओतता गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात द्यावे.

एका धान्यव्यापारी कुटुंबाची गाडी अशीच कार्तिकात अडली. प्रथम बॅटरी बदलली. मग उच्च दाबाचा पंप गेल्याचे निदान झाले आणि पाच आकडी अंदाजपत्रक हाती आले. घरातील सून वाणिज्य शाखेची पदवीधर. तिने गॅरेजला एकच प्रश्न केला की, रेलमधील दाब स्कॅनरवर किती दिसतो आणि पंपात येणारे डिझेल कोणी पाहिले का. कोणीही पाहिले नव्हते. पंपापूर्वीच्या नळीत पारदर्शक तुकडा जोडताच बुडबुड्यांची रांग दिसली. आषाढात फिल्टर बदलताना रबरी कडे पिळले गेले होते. नवे कडे बसले आणि गाडी सुरू झाली. तेरीज जुळत नाही म्हणून कोणी नवा चोपडा विकत घेत नाही, खतावणी तपासतो. मोटारीच्या बाबतीत मात्र हीच मंडळी नवा चोपडा घेण्यास तयार होतात. शिवाय प्रवासी मोटार दुकानाच्या नावावर असली तरी तिच्या दुरुस्तीवरील जीएसटीचे इनपुट क्रेडिट सर्वसाधारणपणे मिळत नाही. अनावश्यक सुट्या भागाचा करही खिशातूनच जातो.

पांढरा धूर येत असेल तर हीटर प्लगकडे बोट दाखवले जाते. जुन्या, आगाऊ कक्षात इंधन सोडणाऱ्या इंजिनांबाबत ते बरोबर आहे. सिलिंडरमध्येच थेट इंधन सोडणारी आजची इंजिने मात्र मुंबई-कोकणच्या हवेत हीटर प्लग निकामी असूनही बहुधा सुरू होतात. तेव्हा तेथे प्लगचा संच बदलण्याआधी सेल्फची गती पुन्हा पाहावी. नाशिकच्या डिसेंबरी पहाटेची गोष्ट निराळी. सेल्फ एकाएकी नेहमीपेक्षा हलका आणि भरभर फिरू लागला असेल, तर टायमिंग पट्टा किंवा साखळी तुटल्याची शंका घेऊन तत्काळ थांबावे.

काही गोष्टी मुळीच करू नयेत. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारू नये आणि मध्ये मिनिटभर विसावा द्यावा. हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा फवारा मारू नये. तो अवेळी भडकून पिस्टन फोडू शकतो. कॉमन रेलच्या पोलादी नळ्यांचे नट सेल्फ फिरत असता सैल करणे तर जिवावर बेतते. तेथील दाब गाडी चालताना हजार बारच्याही वर जातो आणि ती बारीक धार त्वचा भेदून आत शिरते. चुकून पेट्रोल भरले असेल तर किल्लीच फिरवू नये, टाकी रिकामी करवावी.

येत्या आषाढात गाडी उभी करण्यापूर्वी टाकी काठोकाठ भरावी, फिल्टरमधील पाणी सोडावे आणि फिल्टर बदललाच तर त्यानंतर आठवडाभर गाडी चालवून मगच ती ठेवावी. नियमात बाधा येत नसेल त्यांनी आठवड्यातून एकदा गावातल्या गावात अर्धा तास, म्हणजे एका सामायिकाहून कमी वेळ, गाडी फिरवावी. जागेवर पाच मिनिटे इंजिन चालवून बॅटरी भरत नाही. ज्यांना तेही करावयाचे नाही त्यांनी बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडून ठेवावे. उंदरांसाठी विषाच्या वड्या जैन घरात येऊ शकत नाहीत. हवेच्या नळीच्या तोंडाशी बारीक जाळी लावावी आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून उजेड आत जाऊ द्यावा. ती जाळी पुन्हा गाडी सुरू करण्यापूर्वी काढायची आहे, अशी चिठ्ठी किल्लीलाच बांधावी. टर्मिनल सोडण्यापूर्वी रेडिओचा कोड असल्यास तोही त्याच चिठ्ठीवर लिहून ठेवावा.