लायसनचे कागद आणि जमिनीचे कागद वेगळे नाहीत

साथींनो,

मागच्या महिन्यात आमच्या पाड्यावरची पाच पोरं मोटारसायकलचे लायसन काढायला गेली. पहिल्या जीपने निघाली, भाडे भरले, दिवसाची मजुरी बुडवली. संध्याकाळी परत आली तेव्हा पाचांपैकी एकाचेच काम झाले होते. बाकीच्यांना खिडकीवर एकच विचारणा, वयाचा पुरावा कुठाय? राहण्याचा पुरावा कुठाय?

आपण पुरावा आणायचा कुठून? आपण जन्मलो घरात, दाईच्या हातावर. ग्रामसेवक कधी पाड्यावर चढला नाही, म्हणून जन्माची नोंद नाही. आता करायची तर वर्ष उलटून गेले म्हणून मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो. जे शाळेत गेले त्यांच्या दाखल्यावर १ जून. गुरुजींनी अंदाजाने वय टाकले, म्हणून आश्रमशाळेत निम्म्या वर्गाचा जन्म एकाच दिवशी! वनगावाला सातबारा नाही, तलाठ्याच्या दप्तरात गाव नाही. शाळेत आडनाव पावरा, मतदार यादीत कुळाचे नाव. मग साहेब म्हणतो, ही दोन माणसं आहेत.

कागद सरकारने बनवला नाही आणि दोष मात्र आपला.

अशा वेळी कचेरीबाहेर एजंट भेटतो. "वयाचं मी बघतो, तू फक्त सही कर." आमच्या ओळखीच्या एका भावाने अशी सही केली. लायसन मिळाले. पण त्यावर वय चार वर्षे जास्त आणि पत्ता तालुक्याच्या गावचा. पुढे त्याने वनजमिनीचा दावा टाकला तेव्हा तोच कागद आडवा आला. साहेबांनी विचारले, तू तालुक्याला राहतोस की जंगलात? बापाने आणि त्याने कसलेली जमीन आज एका खोट्या पत्त्यापायी अडकली आहे.

काही जुने साथी म्हणतात, संघटना जमिनीसाठी आहे, लायसनसाठी नाही. त्यांचा मान राखून सांगतो, आम्हाला हे पटत नाही. आजारी माणूस, अडलेली बाई दवाखान्यात मोटारसायकलवरच जाते. लायसन नाही म्हणून पोरं फाट्यावर दर बाजाराला पैसे मोजतात. अपघात झाला आणि लायसन नसले तर विमा कंपनी भरपाईचे पैसे मालकाकडून वसूल करू शकते. तेव्हा बैल विकावे लागतात, जमीन गहाण पडते. हा जमिनीचाच प्रश्न आहे.

कायदा काय म्हणतो तेही नीट माहीत करून घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ४ वय आणि पत्त्याच्या पुराव्याबद्दल आहे. त्यात मतदार यादी, शाळेचा दाखला, जन्माचा दाखला, सिव्हिल सर्जनचा वयाचा दाखला हे चालते. सबळ कारणाने यातले काहीच नसेल तर दंडाधिकाऱ्यापुढे केलेले प्रतिज्ञापत्र अधिकारी स्वीकारू शकतो. तहसीलदार हा कार्यकारी दंडाधिकारी असतो. वनहक्काच्या २००८ च्या नियमांतही नियम १३ आहे. त्यात रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, घरपट्टीची पावती हे पुरावे आहेतच, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा आहे. म्हणजे कागद नसलेल्या माणसालाही कायद्यात वाट आहे. ती कोणी सांगत नाही, कारण सांगितली तर एजंटचे दुकान बसते.

एक नियम मात्र आम्हाला मान्य नव्हता. भाड्याची गाडी चालवायला आठवी पास पाहिजे, अशी अट २०१९ पर्यंत होती. आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेल्या पोराची शाळा चौथीतच सुटली. तो घाटात जीप चांगली चालवायचा, पण दाखला कुठून आणणार होता? 

आपण एकट्याने कचेरीच्या पायऱ्या झिजवायच्या नाहीत. आमचे म्हणणे असे:

१. ग्रामसभेने एक वही घालावी. प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव, आडनाव एकाच पद्धतीने लिहावे आणि सगळ्या कागदांवर तेच ठेवावे.

२. मतदार यादी गावात मोठ्याने वाचावी. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज द्यावा.

३. प्रतिज्ञापत्रासाठी सगळ्यांनी एकाच दिवशी तहसीलला जावे. तहसीलदाराने गावात शिबिर घ्यावे अशी मागणीही त्याच दिवशी लेखी द्यावी.

४. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा नाही. नकार दिला तर तो लेखी मागावा. प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरी ठेवावी.

५. आज जन्मणाऱ्या लेकराची नोंद २१ दिवसांत करावी. त्याला तरी आपल्यासारखे हिंडायला लागू नये.

आपण होतो, आहोत आणि इथेच राहतो, हे आपल्या म्हाताऱ्यांना कागदाशिवाय माहीत आहे. पण आता ते कागदावरही खरे आणि एकसारखे आले पाहिजे. पुढच्या बैठकीला येताना घरातले असतील नसतील तेवढे कागद पिशवीत घालून आणा. सगळे मिळून वाचू.

जिंदाबाद!