कुरकूर वेगळी, तक्रार वेगळी!

दोस्तांनो, 'शकुंतला' हे नाव यवतमाळ जिल्ह्यातल्या मुलांना नव्यानं सांगायला नको. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जाणारी ती अरुंद रुळांवरची गाडी. तिला ओढणारं वाफेचं इंजिन १९२१ साली इंग्लंडात मँचेस्टरला तयार झालं, १९२३ पासून कामाला लागलं आणि १९९४ च्या एप्रिलमध्ये त्याची जागा डिझेल इंजिनानं घेतली. म्हणजे सत्तर वर्षं एकच इंजिन! पुढं ती गाडीही थांबली, ती गोष्ट वेगळी.

आता तुमच्या घरातला संगणक किंवा टॅब्लेट बघा. महिनाभर झाला नाही तोच पडद्यावर पाटी हजर : 'अपडेट उपलब्ध आहे.' ताईनं ती दाबली की सकाळी सगळं नवं नवं. बटणं इकडची तिकडं. मग आजोबा म्हणणारच, "चांगलं चालू होतं नं बापा, कायले हात लावला?"

आजोबांचं बरोबर की ताईचं? चला, बघू या.

आधी एक सांगा, ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय? तिला स्टेशनमास्तर समजा. चित्र काढायचा प्रोग्रॅम, गाणी, गेम या सगळ्या गाड्या. कोणती गाडी कधी सोडायची, कोणाला किती जागा द्यायची, प्रिंटरकडं कोणाला पाठवायचं, हे सगळं स्टेशनमास्तर बघतो. विंडोज, अँड्रॉइड, लिनक्स, आयओएस हे असेच मास्तर. अपडेट म्हणजे मास्तरांना आलेलं नवं नियमांचं पुस्तक. त्यात कधी स्टेशनची रंगरंगोटी असते, तर कधी कुंपणाला पडलेलं भगदाड बुजवलेलं असतं. रंगरंगोटी आपल्याला लगेच दिसते. भगदाड बुजवलेलं मात्र दिसत नाही, आणि सगळी गंमत इथंच आहे.

रंगरंगोटीची गोष्ट आधी ऐका. मायक्रोसॉफ्ट कंपनीनं १९९५ साली विंडोज ९५ आणलं आणि पडद्याच्या कोपऱ्यात 'स्टार्ट' बटण बसवलं. जगभरच्या माणसांच्या बोटांना त्याची सवय लागली. २६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ आलं, आणि बटण गायब! टॅब्लेटचे दिवस आलेत, बोटानं दाबायला मोठ्या रंगीत चौकटीच बऱ्या, असा कंपनीचा विचार. पण माउस धरून टेबलाशी बसणाऱ्यांनी काय करावं? साधा संगणक बंद कुठून करायचा, हेच लोकांना सापडेना. एवढा आरडाओरडा झाला, की वर्षभरात, ऑक्टोबर २०१३ मध्ये, विंडोज ८.१ मधून बटण परत आलं. जुन्या वळणाची पूर्ण यादी मात्र जुलै २०१५ मध्ये, विंडोज १० बरोबर आली. म्हणजे वापरणारे बोलले, तर कंपनीला ऐकावं लागतं!

आता दुसरी गोष्ट. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टनं एक भगदाड बुजवणारं अपडेट दिलं. पुष्कळांनी म्हटलं, 'नंतर बघू.' दोन महिने गेले. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम त्याच भगदाडातून घुसला. सुमारे दीडशे देशांतल्या दोन लाखांहून जास्त संगणकांमधल्या फाइलींना त्यानं कुलपं ठोकली आणि किल्लीसाठी पैसे मागितले. ब्रिटनमधल्या कितीतरी दवाखान्यांत रुग्णांना परत पाठवावं लागलं. ज्यांनी ते अपडेट वेळेवर घेतलं होतं, त्यांचं भगदाड आधीच बुजलेलं होतं. बघा, इथं ताईचं बरोबर!

थांबा, ताईनं लगेच टाळ्या वाजवू नयेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं एक मोठं अपडेट आलं आणि काही लोकांचे फोटो, कागदपत्रं चक्क पुसली गेली. चार दिवसांत कंपनीनं ते अपडेट थांबवलं आणि दुरुस्त करून नोव्हेंबरमध्ये पुन्हा दिलं. चटका लावणारी गोष्ट पुढंच आहे. आधीपासून चाचणी घेणाऱ्या काही जणांनी 'फाइली जातात' असं कळवलं होतं. पण फार थोड्यांनी तसं कळवलं, म्हणून ते गर्दीत मागं राहिलं. नंतर कंपनीनं नियम बदलला : तक्रार करताना किती नुकसान झालं, हेही सांगता येईल अशी सोय केली.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. 'रंग आवडला नाही, बटण सापडत नाही' ही कुरकूर. आठवडाभरात सवय झाली, की बहुतेक वेळा ती विरते. 'माझी फाइल गेली, छपाई होत नाही' ही तक्रार. ती करायलाच हवी.

तिसरीही एक गोष्ट आहे, आणि ती आई-बाबांनी मुद्दाम वाचावी. विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. घरगुती वापरासाठी नाव नोंदवणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत फक्त सुरक्षेची अपडेट ठेवली गेली. विंडोज ११ घ्यायचं, तर संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक नवा प्रोसेसर लागतो. धडधाकट चालणारे कितीतरी संगणक त्यात बसत नाहीत. फोनचंही तसंच. २०२५ च्या हंगामात सीसीआयनं हमीभावानं कापूस विकण्यासाठी 'कपास किसान' या मोबाईल अ‍ॅपवर नोंदणी ठेवली. पांढरकवड्याचा असो की राळेगावचा, शेतकऱ्याचा कापूस आणि बाजार यांच्यामध्ये आता फोन येऊन बसला. अ‍ॅप कोणतंही असो, ते अँड्रॉइडच्या ठरावीक आवृत्तीपासून पुढंच चालतं. त्यामुळं 'जुनं चाललंय तोवर चालू दे' हे शकुंतलेच्या इंजिनाला शोभत होतं, खिशातल्या फोनला तसं म्हणता येत नाही. जुना संगणक मात्र लगेच भंगारात घालू नका. लिनक्सच्या काही हलक्या, फुकट मिळणाऱ्या आवृत्त्या अशा यंत्रांवर छान चालतात. जाणत्या माणसाला विचारा.

मग अपडेट करताना काय कराल?

महत्त्वाच्या फाइली आणि फोटो आधी पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. टॅब्लेट चार्जिंगला लावा. घरात टेबलावरचा संगणक असेल आणि यूपीएस नसेल, तर लाइन जाण्याच्या वेळेला अपडेट सुरूच करू नका. अर्धवट राहिलं तर यंत्र अडून बसतं. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायची शेवटची तारीख उद्या असेल, तर मोठं अपडेट परवा. आणि कुणी निरोपात पाठवलेली 'अपडेट करा'ची लिंक कधीही दाबू नका. अपडेट घ्यायचं ते सेटिंग्जमध्ये जाऊनच.

इतकं करूनही बिघडलं, तर? या आठवड्याचा उद्योग तोच. वहीत चार ओळी लिहा : यंत्र कोणतं आणि आवृत्ती कोणती, आपण काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं. 'एकदम बेक्कार झालंय' असं लिहिलेलं वाचून कुणालाच काही दुरुस्त करता येत नाही. या चार ओळींवरून येतं. विंडोजमध्ये अशी तक्रार पाठवायला 'फीडबॅक हब' आहे. तक्रार मराठीत लिहिली तरी चालेल, पण नेमकी लिहा.

आणि आजोबांचं स्टार्ट बटण हरवलं असेल, तर कुरकूर म्हणून हसू नका. शेजारी बसा आणि ते कुठं गेलंय ते दाखवा. एकदा नाही, चार वेळा दाखवावं लागलं तरी!